पाण्यातली हवा

त्यांच्यासमोर कुणी पाणी उंचावरून ओतलं की ते त्याचा हात धरायचे. खरोखर धरायचे. एकदा अवसरी बुद्रुकला एका लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं जग हातभर वर धरून धार सोडली, तर हे भरल्या ताटावरून उठले, त्याचं मनगट पकडलं आणि जगाची चोच ग्लासाच्या काठाला टेकवली. "असं. कडंकडंनं उतरू दे. वरनं पाडलं की हवा मिसळती त्यात." वाढपी नवऱ्या मुलाचा सख्खा मामा निघाला. पंगतीत जरा कुजबुज झाली. त्यांच्या शेजारी बसलेला माणूस मामांना म्हणाला, "राव, मनाला लावून घेऊ नका. ते बॉयलरवाले हायेत." जणू तेवढं सांगितलं की सगळं आलं.

आणि ते खरंच होतं. नारायणगावच्या अलीकडे, नाशिक रस्त्याला लागून आमची दूध डेअरी होती. तिथं ते बॉयलरचे फोरमन. मी बी.एस्सी. होऊन घोडेगावहून तिथल्या प्रयोगशाळेत लागले तेव्हा नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं आणि त्यांची पन्नाशी उलटली होती. कारखान्यात सगळे त्यांना नुसतं 'फोरमन' म्हणायचे. मी काका म्हणायचे. ते मला, माझं वय त्यांच्या धाकट्या लेकीएवढं असूनही, 'ताई' आणि 'तुमी'च म्हणत राहिले.

माझं काम दुधाचं. फॅट, एसएनएफ म्हणजे फॅटखेरीजचे घन घटक, आंबटपणा. पण आठवड्यातून एकदा बॉयलरच्या पाण्याचा जडपणाही मीच तपासायचे. येडगाव धरणाकडून येणारं पाणी गाळून, मग सॉफ्टनरमधून काढून बॉयलरला दिलं जाई. त्यातले क्षार काढले नाहीत तर ते बॉयलरमध्ये चिकटून बसतात, एवढं मला पुस्तकातून माहीत होतं. पहिल्याच आठवड्यात मी ऐटीत रिपोर्ट घेऊन बॉयलरहाउसमध्ये गेले. "काका, जडपणा शून्य. पाणी एकदम उत्तम."

त्यांनी कागदाकडं पाहिलंसुद्धा नाही. "पिणार कोन? तुमी का बॉयलर?"

मग त्यांनी कोपऱ्यातून एक वीतभर लांबीचा ट्यूबचा तुकडा आणून माझ्या हातावर ठेवला. आमच्या बॉयलरमध्ये कोळशाचा जाळ ट्यूबांच्या आतून जायचा आणि पाणी ट्यूबांच्या बाहेरून असायचं. त्या तुकड्यावर आतून काजळी होती, ती असणारच. पण बाहेरून, पाण्याच्या बाजूनं, तपकिरी फोड आले होते, कांजिण्यांसारखे. काकांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक एका फोडाला लावलं. वरचं टरफल निघालं, खाली काळी भुकटी होती, ती फुंकल्यावर खाली एक खळगा. पुढच्या फोडाखाली खळगा नव्हता. आरपार भोक होतं.

"क्षाराचा कण तरी दिसतोय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग कुनी खाल्लं?"

मी तुकडा उलटासुलटा करून पाहिला. ते म्हणाले, "पान्यातल्या हवेनं. तुमच्या कागदावर तिच्यासाठी रकानाच न्हाई."

नववी नापास माणूस. तरी रकाना नाही हे त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. पाण्यात ऑक्सिजन विरघळलेला असतो, मासे त्याच्यावर जगतात, हे मी शिकले होते. पण तोच ऑक्सिजन तापलेल्या बॉयलरमध्ये गेला की पोलादाला खळगे पाडतो, आणि पाणी जितकं स्वच्छ, तितकं पोलाद उघडं पडतं, हे मला त्या बॉयलरहाउसमध्ये कळलं.

त्यांच्या सवयी विचित्रच होत्या. पाइपमधून पाणी कसं चाललंय ते ऐकायला त्यांच्याकडं एक बाभळीची काठी होती. एक टोक पाइपला, दुसरं कानाला. डोळे मिटून उभे राहायचे. त्या वेळी कुणी बोललं तर काठीसकट हात वर करायचे. धरणाचे दरवाजे उघडले की सगळं गाव येडगावला पाणी बघायला जायचं. हेही जायचे, पण बघून येताना तोंड आंबट. "किती फेस, किती फेस. तेवढी हवा पोटात घेऊन आपल्याकडंच येनार." त्यांच्या बायकोनं मला एकदा सांगितलं होतं, "आमच्या घरात हांडासुद्धा घागर बुडवून भरावा लागतो, ताई. ओतला तर रुसत्यात."

मी हसले होते. हसण्यासारखंच होतं ते. पण ट्यूबा मात्र वर्षात तीनदा फुटल्या होत्या.

दर वेळी साहेब, म्हणजे आमचे कारखान्याचे मॅनेजर, वेगळं कारण शोधायचे. पहिल्यांदा म्हणाले ट्यूबा हलक्या दर्जाच्या आल्या. दुसऱ्यांदा म्हणाले फायरमन, म्हणजे बॉयलरला कोळसा घालणारे, जाळ नीट करत नाहीत. तिसऱ्यांदा थेट काकांना म्हणाले, "फोरमन, तुमचं लक्ष नाही." साहेब वाईट माणूस नव्हते. शिकलेले होते, वक्तशीर होते, दूध नासू नये यासाठी जिवाचं रान करायचे. पण सॉफ्टनरमधून आलेलं, काचेसारखं पाणी लोखंड खातं हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं.

काका त्यांना दर वेळी एकच गोष्ट सांगायचे. पूर्वी कारखान्यात वापरून झालेल्या वाफेचं जे गरम पाणी व्हायचं, ते परत बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या फीडच्या टाकीत यायचं. त्यामुळं टाकी गरम राहायची, आणि पाणी गरम असलं की त्यातली हवा निघून जाते. ती परतीची पाइपलाइन सडली. दुरुस्त करण्याऐवजी कुणीतरी ते पाणी गटारात सोडलं. आता टाकीत पडायचं ते सॉफ्टनरचं थंड पाणी, तेही पुरुषभर उंचीवरून धो-धो. हवा मारायची सल्फाइटची पावडर होती, पण ती सकाळी एकदा ओंजळभर टाकायची पद्धत. "दहा वाजेपत्तूर ती सपती," काका म्हणायचे, "मंग दिवसभर बॉयलर हवा खातो. टाकी नव्वदपत्तूर तापवा."

"पाणी नव्वद अंशांपर्यंत तापवलं तर फीडचा पंप ओढणारच नाही," साहेब म्हणाले. "पंपात वाफ होईल. ते कोण निस्तरणार?"

हे मात्र बरोबर होतं. काका परत आले आणि आठवडाभर पंपाशीच राहिले. काठी पंपाला लावून तासन्‌तास उभे असायचे. मग एका दुपारी थेट प्रयोगशाळेत आले, माझ्या दुधाच्या नमुन्याच्या कागदावर खडूनं एक चौकोन काढला, त्याखाली चार लांब रेघा ओढल्या आणि म्हणाले, "टाकी वर चढवायची. बारा फूट. वरनं पान्याचं वजन पंपावर पडलं की गरम पानी बी जाईल. पंपाला ओढायला लागनारच न्हाई."

मी म्हटलं, "साहेबांना सांगा."

"सांगितलं. साहेब म्हनले चार दिवस कारखाना बंद कोन ठेवनार. दुधाचा हंगाम हाय." मग जरा थांबून म्हणाले, "ताई, पान्यातली हवा मोजता येती का?"

येत होती. कॉलेजच्या प्रात्यक्षिकात मी ते केलं होतं आणि विसरलेही होते. ट्रंकेतून वही काढली. बाटली अशी भरायची की भरताना बाहेरची हवा मिसळता कामा नये: नळी तळाशी टेकवायची, पाणी हळू वर चढू द्यायचं, काठावरून सांडू द्यायचं. मी काकांना हे समजावू लागले आणि मधेच थांबले, कारण ते करूनही मोकळे झाले होते. त्या माणसानं आयुष्यभर त्याचाच सराव केला होता. मी पिपेटनं दोन रसायनं सोडली, बूच लावलं, बाटली उलटीसुलटी केली. पाण्यात हवा नसेल तर पांढरा साका बसतो. असेल तर तपकिरी. आमचा साका घट्ट चहासारखा झाला.

काका बाटलीकडं पाहत बसले. इतकी वर्षं जे सांगत होते ते पहिल्यांदा डोळ्यांना दिसत होतं. म्हणाले, "हं." एवढंच.

त्यांनी आणखी एक केलं. जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या कापून, घासून चकचकीत केल्या. एक नळाच्या पाण्याच्या बाटलीत, दुसरी उकळून गार केलेल्या पाण्यात, हवा शिरू नये म्हणून वर गोड्या तेलाचा थर. दोन्ही बाटल्या माझ्या खिडकीत ठेवल्या. येणारे-जाणारे म्हणायचे, "फोरमननं लोणचं घातलंय." महिन्याभरानं एक पट्टी लालभडक झाली होती, दुसरीत तोंड दिसत होतं. काका दोन्ही बाटल्या घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले. माझा रिपोर्ट घेऊन मीही गेले.

साहेबांनी रिपोर्ट वाचला. "तुम्ही दुधाच्या लॅबच्या ना? मग दूध बघा." आणि काकांना म्हणाले, "फोरमन, बाटली म्हणजे बॉयलर नव्हे."

"खरंय साहेब," काका म्हणाले. "बाटली फुटली तर कुनी भाजत न्हाई."

त्यानंतर तीन आठवड्यांनी ते घडलं. सकाळची वेळ. रात्रपाळी संपत आली होती, दुधाचे टँकर फाटकाशी लागले होते. मी नमुने घ्यायला बाहेर पडले तर बॉयलरहाउसपुढं माणसं जमलेली. ट्यूब पुन्हा गळत होती. मागच्या बाजूला, जिथून धूर बाहेर जातो त्या दाराच्या फटीतून पाणी ठिबकत होतं. काकांनी आल्या-आल्या जाळ ओढून टाकायला लावला होता आणि बॉयलर निवत होता.

साहेब धावत आले. त्यांनी ठिबकणारं पाणी पाहिलं. "एवढंच? अहो, एवढं गळतं कुठलंही. टँकर उभेत बाहेर. आजचा दिवस काढा, रात्री ट्यूबला बूच मारू."

"न्हाई साहेब."

"फोरमन, मी सांगतोय."

"ऐकलं साहेब. न्हाई पेटवनार."

"मग दुसरा पेटवेल."

काका वळले. आत गेले. बॉयलर चालवायला परवाना लागतो, आणि त्यांचा परवाना काचेच्या चौकटीत भिंतीवर टांगलेला असायचा. तो त्यांनी खिळ्यावरून काढला, कोपरानं काच पुसली, बगलेत धरला आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. "ह्यो कागद आत टांगलाय तवर बॉयलर माझ्या नावावर. घेतलाय काढून."

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते तिथं उभ्या असलेल्या फायरमनकडं वळले. हा शिनोलीकडचा, तिशीचा, नुकताच परवाना मिळालेला. घरची भातखाचरं दोनच, खाणारी तोंडं जास्त. नोकरी त्याला काकांपेक्षा जास्त हवी होती. साहेब म्हणाले, "तू पेटव."

तो हात पुसत उभा राहिला. मग त्यानं काकांना विचारलं, "फोरमन, त्ये तुमच्या जुन्या गिरनीतलं, खरं हाय का?"

काकांनी साहेबांकडं पाहत उत्तर दिलं. डेअरीत यायच्या आधी काका ज्या गिरणीत होते, तिथं त्यांच्याबरोबर एक फायरमन होता. असंच थोडं गळत होतं. असंच 'आजचा दिवस काढा' झालं होतं. कोळसा टाकायला त्यानं दार उघडलं आणि त्याच क्षणाला आतली ट्यूब तुटली. वाफ सरळ तोंडावर आली. "जित्ता हाय," काका म्हणाले. "मी भेटायला गेलो की आवाजावरनं वळखतो. त्या वेळंला पाळी माझी व्हती. मी म्हनलो व्हतो, तू टाक, मी च्या पिऊन येतो."

टँकरचा एक ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता तो थांबला.

शिनोलीचा फायरमन म्हणाला, "साहेब, मला बी डोळं दोनच हायेत." आणि आत जाऊन त्यानंही आपली चौकट काढून आणली.

मी पुढं झाले. "साहेब, दूध थंड करून दुसऱ्या डेअरीला पाठवता येईल. मी नमुने पास करून देते, तासाभरात. आणि बॉयलर थंड झाला की पाण्याचा दाब देऊन बघू. एकच ट्यूब गळत असली तर तुम्ही म्हणाल ते."

साहेबांनी टँकरांकडं पाहिलं. मग म्हणाले, "पाठवा."

दुसऱ्या दिवशी बॉयलर थंड झाल्यावर तो गार पाण्यानं काठोकाठ भरला आणि हातपंपानं दाब चढवला. मागचं दार उघडं ठेवून आम्ही सगळे टॉर्च घेऊन उभे. साहेब सर्वांत पुढं. काटा निम्म्यावरही गेला नव्हता, तोच एका ट्यूबमधून पिचकारी उडाली. मग दुसरी. मग खालच्या ओळीतल्या तीन. एक धार साहेबांच्या शर्टावर आली. ते मागं सरले नाहीत. मोजत राहिले. सात झाल्यावर म्हणाले, "पुरे. सोडा दाब."

त्याच संध्याकाळी त्यांनी काकांना बोलावलं. केबिनमध्ये काय बोलणं झालं मला माहीत नाही. काका बाहेर आले ते एवढंच सांगत, "चार दिस दिल्यात. टाकी वर चढवायची."

ते चार दिवस मी विसरणार नाही. ट्यूबा बदलायला बाहेरून फिटर आले होते, पण टाकीचं काम काकांनी आपल्या माणसांकडून करून घेतलं. जुने लोखंडी गर्डर जोडून बारा फुटांचा घोडा उभा केला. टाकी चेनपुलीवर चढत असताना ते खालून एकेक इंच ओरडून सांगत होते. सॉफ्टनरची पाइप टाकीच्या आत तळापर्यंत उतरवली, म्हणजे पाणी वरून पडायला नको. परतीची लाइन नवी टाकली. टाकीत वाफेची एक नळी सोडली, तिला भोकं पाडली. टाकीला काथ्या आणि पत्रा गुंडाळला. सल्फाइटसाठी तर कमाल केली: मंचरच्या एका डॉक्टरांकडून सलाईनची रिकामी बाटली आणि नळी आणली, तिच्यातून थेंब-थेंब औषध टाकीत. पोरं म्हणाली, "बॉयलरला सलाईन लावलं." काका म्हणाले, "आजारी व्हता. लावायलाच पायजे."

पाचव्या दिवशी जाळ घातला. टाकीचं तापमान चढत गेलं. साठ. सत्तर. ऐंशीला साहेब पंपाशी येऊन उभे राहिले. पंचाऐंशी. काकांनी काठी पंपाला लावली, डोळे मिटले. पंप एकदा घरघरला. काका हलले नाहीत. मग आवाज सरळ झाला आणि तसाच राहिला. नव्वदच्या आसपास त्यांनी डोळे उघडले आणि मला म्हणाले, "ताई, बाटली."

औषधानं मोजमाप चुकू नये म्हणून सलाईन थांबवून, गरम पाणी तांब्याच्या नळीतून थंड करत मी नमुना भरला. रसायनं सोडली. साका बसू लागला. मी बाटली उजेडाला धरली.

"पांढरा हाय का?"

"जवळजवळ."

"जवळजवळ म्हंजी?"

"साईच्या रंगाचा. थोडी हवा उरलीय. तेवढी सल्फाइट मारेल."

"परत करा."

मी परत केलं. मग तिसऱ्यांदा. तिन्ही बाटल्या सारख्याच निघाल्या. काकांनी त्या ओळीनं लावल्या, पागोट्याच्या टोकानं चेहरा पुसला आणि शिनोलीच्या फायरमनला म्हणाले, "लाव आता तुझी चौकट."

त्यांची मात्र आठ दिवसांनी लागली. हुकूम मोडला म्हणून साहेबांनी त्यांना आठवडाभर घरी बसवलं. आम्ही सह्या गोळा करायला निघालो तर काकांनीच अडवलं. "हुकूम मोडलाच की मी. त्यात खोटं काय?" पण परत आल्यावर त्यांनी पाहिलं, साहेबांच्या रोजच्या फेरीच्या वहीत एक नवी ओळ होती: फीडच्या टाकीचं तापमान. साहेब स्वतः पायऱ्या चढून बघायचे आणि स्वतःच्या हातानं लिहायचे. या विषयावर दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत.

काही वर्षांनी काका निवृत्त झाले. साहेबांचीही बदली झाली. दोन हजार सालानंतर कधीतरी वार्षिक तपासणीला बॉयलर उघडला होता. तपासनीस आत टॉर्च मारून बराच वेळ बघत राहिले. मीही वाकून पाहिलं. ट्यूबांवर एकसारखा, पातळ, पोलाद जपणारा काळा थर होता. एकही फोड नव्हता. तपासनीस म्हणाले, "पाणी कोण बघतं इथलं?" मी म्हटलं, "मी."

हे काकांना सांगायलाच हवं होतं. पुढच्या सुट्टीला मी त्यांच्या गावी, अवसरीला गेले. ते कांद्याच्या वाफ्यात पाणी धरत होते. बांधावर उभी राहून मी सगळं सांगितलं: काळा थर, एकही फोड नाही, तपासनीस काय म्हणाले ते. मला वाटलं ते हसतील.

"टाकी किती असती?" त्यांनी विचारलं.

"अठ्ठ्याऐंशीच्या खाली जाऊ देत नाही, काका. रोज बघते."

"रविवारी?"

रविवारी माझी सुट्टी असायची. त्या दिवशी तुपाचा आणि श्रीखंडाचा विभाग बंद, वाफ कमी लागायची, म्हणजे परत येणारं गरम पाणीही कमी. हे मला माहीत होतं. कधी जोडून पाहिलं नव्हतं.

"रविवारी कोन बघतं?" त्यांनी पुन्हा विचारलं. रागावून नाही. मग खोऱ्यानं एका वाफ्याचं तोंड बुजवलं, दुसऱ्याचं उघडलं, आणि म्हणाले, "जावा. च्या पिऊन जावा."

पुढच्या रविवारी सकाळी मी एसटीनं कारखान्यात गेले. फाटकावरच्या वॉचमननं विचारलं, "आज कशा काय, म्याडम?" मी सांगितलं नाही. पदर खोचला, बारा फुटांच्या लोखंडी पायऱ्या चढले आणि टाकीचा थर्मामीटर पाहिला. बासष्ट.

मी वाफेचा व्हॉल्व्ह उघडला आणि काटा चढेपर्यंत तिथंच उभी राहिले.